पटण्याजोगा आकडा

१

मिरच्या भाजताना हात गुंतलेले असतात आणि डोकं रिकामं, म्हणून नेव्हेनाचा अभ्यास मी त्याच वेळी घ्यायचो. सप्टेंबरात सोफिया शहराच्या आमच्या ल्यूलिन भागातल्या प्रत्येक बाल्कनीत मिरच्या भाजायचं विजेचं उभं भांडं धुमसत असतं. एका वेळी तीन मिरच्या, सात मिनिटं. मी मिरच्या सोलायचो आणि आत स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी ही चौतीस वर्षांची मुलगी शहरात न्हावी किती असतील, याचा हिशोब मोठ्याने करायची.

सल्लागार कंपन्यांच्या मुलाखतीत असले प्रश्न विचारतात म्हणे. समजा वस्ती बारा लाख, समजा निम्मे पुरुष, समजा सहा आठवड्यांनी एकदा केस कापतात. मी मधेच म्हणायचो की यातले निम्मे टकले आहेत, आमच्या जिन्यातच चार. ती म्हणायची, "बाबा, त्यांना खरा आकडा नको असतो. पटण्याजोगा हवा असतो."

अडतीस वर्षं मी पालिकेच्या नागरिक नोंदणीच्या खिडकीमागे बसलो. खरा आकडा आणि पटण्याजोगा आकडा यांतला फरक मला शिकवायची गरज नव्हती. पण मी मिरच्या सोलत राहिलो, कारण तिला ही नोकरी मिळायला हवी होती, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मला ती जास्त हवी होती. तिच्या बँकेने तिचा अख्खा विभाग परदेशी हलवला, त्याला चौदा महिने झाले होते. लाइपझिगहून एक मैत्रीण सारखी बोलवत होती, तिथल्या गोदामात खोकी भरायचं काम होतं. आमच्या जिन्यातली निम्मी मुलं अशीच गेली. त्यांचे आईबाप नातवंडांचे फोनच्या पडद्यावर गालगुच्चे घेतात. माझी बायको स्तेफ्का जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगी याच शहरात, याच घरात राहावी, एवढीच माझी इच्छा होती. पुढे जे झालं ते या इच्छेपायी झालं, हे आधीच सांगून टाकतो.

२

कंपनी कसला सल्ला देते, हे मी विचारलं होतं. कमी माणसांत काम कसं भागवायचं, हे ती इतरांना शिकवते, असं नेव्हेना म्हणाली. मी म्हणालो, मग तुला घेऊन ते स्वतःचाच नियम मोडणार.

पहिल्या फेरीला तिला पन्नास मिनिटं बसवून ठेवलं. मग एक तरुण आला. त्याने तिचे कागद वाचले नव्हते. त्याने तिला पाच वर्षांनी कुठे असाल असं विचारलं, उत्तर चालू असताना फोन पाहिला आणि आभार मानले. दुसऱ्या फेरीला तेच कागद पुन्हा मागितले. पगाराचं विचारलं तर म्हणाले, तो विषय योग्य टप्प्यावर येईल. दोन आठवडे काही कळलं नाही. मग पत्र आलं की तिने त्यांच्यावर उत्तम छाप पाडली आहे, आणि म्हणून आणखी एक फेरी.

आमच्या खिडकीवरही लोकांना तीनतीनदा यावं लागायचं, पण कोणता कागद कमी आहे ते आम्ही निदान सांगायचो. इथे तेवढीही माणुसकी नव्हती. नेव्हेना हसली आणि म्हणाली, "तुमच्या खिडकीवर छाप पाडायची सोय नव्हती ना, बाबा."

तिसऱ्या फेरीहून ती जरा खुशीत आली. या वेळी एक बाई आणि एक गृहस्थ होते, दोघंही सभ्य, दोघांनीही कागद वाचलेले. नावं काय, म्हटलं, तर तिला आठवेनात. त्यांनी एकच प्रश्न विचारला. नऊ मजली इमारत आहे, साम्यवादी राजवटीत बांधलेली, सिमेंटच्या तयार भिंतींची. दारापासून पाचव्या मजल्यापर्यंत पायऱ्या किती?

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. निम्मं सोफिया अशाच इमारतींत राहतं, त्यामुळे आम्हा दोघांनाही त्यात काही वाटलं नाही. तिने ऐंशी सांगितलं. लहानपणी तिचा हात धरून मी रोज मोजत चढायचो, कारण लिफ्ट तेव्हाही बंदच असायची.

"मग? शाबासकी मिळाली का?"

"बाई म्हणाल्या, जवळ आलात. एकोणऐंशी."

३

दुसऱ्या दिवशी पाव आणायला उतरलो तेव्हा मी मोजलं नाही. चढताना मोजलं. एकोणऐंशी भरल्या.

माणसाचं वय सत्तर, गुडघे दोन्ही बिघडलेले, हातात पिशवी. चुकलो असेन. पिशवी ठेवून पुन्हा उतरलो आणि प्रत्येक मजल्यावर थांबत, भिंतीला हात लावत चढलो. सोळा, सोळा, सोळा, सोळा, पंधरा. शेवटच्या टप्प्यात पंधरा. कुठे काही तुटलं नव्हतं, नवं सिमेंट नव्हतं. सगळ्या पायऱ्यांची उंची सारखीच होती.

चौथ्या मजल्यावरचा किर्चो कठड्याला टेकून सिगारेट ओढत माझी ही कवायत बघत होता. तो तीस वर्षं ट्राम चालवत होता आणि ओळखीच्या प्रत्येकाची चेष्टा करणं हे तो आपलं निवृत्तीनंतरचं काम समजतो. मी त्याला विचारलं, वरच्या टप्प्यात पायऱ्या किती रे. तो म्हणाला, पंधरा, पहिल्यापासून पंधरा. पालिकेने तुम्हाला पेन्शन दिली तशी एखादी पायरीही द्यायला हवी होती.

म्हणजे मी चाळीस वर्षं चुकीचं मोजत होतो. हे शक्य आहे. आमच्या कचेरीत एक गृहस्थ सत्तावीस वर्षं स्वतःची जन्मतारीख चुकीची लिहीत होते. मी हा विषय तिथे संपवला. फक्त त्यानंतर शेवटच्या टप्प्यावर माझं पाऊल दरवेळी एक पायरी जास्त गृहीत धरून उचललं जाई आणि हवेत पडे.

४

चौथी आणि पाचवी फेरी टेलिफोनवर झाली. सहावीला पुन्हा तेच दोघं होते. नेव्हेनाने सांगितलं, या वेळचा प्रश्न मोठा छान होता, माणसाचा होता. एका जोडप्याचा एकतीस वर्षांचा संसार. घरात बाईचे फोटो किती, आणि त्यांतल्या किती फोटोंत ती हसते आहे?

एकतीस वर्षं आमचाही संसार झाला होता. तिने चाळीस फोटो धरले होते, त्यांत अकरा हसरे.

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, शून्य धरा."

ती हे सांगताना वाटीत चीज कुस्करत होती. मी उठलो आणि कपाटावरून बुटांचं खोकं काढलं. आमच्याकडे अल्बम नाही, स्तेफ्काला चिकटवाचिकटवीचा कंटाळा होता. मला एकच फोटो बघायचा होता. सोझोपोलचा किनारा, लग्नानंतरचा दुसरा उन्हाळा, तिच्या हातात कलिंगडाची फोड. कॅमेरा सावरताना मी मागच्या मागे पाण्यात बसलो होतो आणि ती इतकी हसली होती की फोड वाळूत पडली. बटण मात्र मी दाबलं होतं.

फोटो होता. किनारा होता, फोडही होती, तिने ती नीट दोन्ही हातांत धरली होती. तोंड मिटलेलं होतं. ओळखपत्रासाठी बघावं तशी ती कॅमेऱ्याकडे बघत होती. मी खोकं टेबलावर उपडं केलं. लग्नात, बारशाला, नववर्षाच्या रात्री कागदी टोपी घालून, सगळीकडे तसंच.

पूर्वी लोक फोटोत हसत नसत, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस आठवणीत रंग भरतो. मग मी नेव्हेनाला विचारलं, तू अकरा कशावरून म्हणालीस. तिने फोटो चाळले आणि सहज म्हणाली, "मी आपला अंदाज सांगितला, बाबा. आई फोटोत कधी हसायचीच नाही."

या मुलीच्या कपाटात, आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला तिच्या आईचा हसरा फोटो मी रोज बघत आलो होतो. तो बघायला मी तिच्या खोलीत गेलो नाही.

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, पुरे झालं, नको जाऊस. लाइपझिगला जा हवं तर. हे मी म्हणालो, यावरूनच माझी अवस्था कळावी. ती म्हणाली, सहा फेऱ्या झाल्यावर आता सोडू? इतके दिवस तुम्हीच ढकलत होतात ना? तेही खरंच होतं. ती सूप ढवळत होती आणि स्वतःशी पुटपुटत होती. समजा मीठ अर्धा चमचा. समजा दोन वाट्या पाणी. अलीकडे ती घरातही असंच मोठ्याने विचार करू लागली होती. मुलाखतीचा नियमच आहे तसा, मनातलं सगळं बोलून दाखवायचं.

५

सातव्या फेरीत त्यांनी विचारलं, त्याच नऊ मजली इमारतीत, पाचव्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात माणसं किती राहतात?

तिने दोन सांगितलं. गृहस्थांनी काही लिहून घेतलं नाही. ते म्हणाले, "तुमचा अंदाज थोडा जास्त आहे. पुढच्या फेरीला विचार करून या."

ती हे गंमत म्हणून सांगत होती. लाज वाटते पण सांगतो, मला चक्क बरं वाटलं. कारण याचं उत्तर माझ्याजवळ होतं.

अकरा वर्षांपूर्वी स्तेफ्काच्या गावाला, गोर्ना बुक्वाला, आपला स्वतंत्र महापौर ठेवण्यासाठी काही डोकी कमी पडत होती. तिचा मावसभाऊ उभा राहणार होता. आमच्याकडे यावर एकच उपाय असतो, शहरातल्या नातेवाइकांचे पत्ते कागदावर गावाला हलवायचे. दहा म्हाताऱ्या उरलेल्या गावात मतदानाच्या दिवशी दोनशे माणसं गाडीतून उतरतात आणि संध्याकाळी परत जातात, यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. नेव्हेनाचा पत्ता मी स्वतः हलवला, स्वतःच्या खिडकीत, स्वतःच्या शिक्क्याने. माझा मात्र तसाच ठेवला, कारण कारकुनाने सापडू नये. मावसभाऊ निवडून आला. त्याने एक बसथांबा बांधला. बस दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती. पत्ता परत आणायचं राहून गेलं.

तेव्हा कागदोपत्री आमच्या घरात एकच माणूस राहत होता. कंपनीने नोंदणी पाहिली, एवढंच. पायऱ्यांची नोंदणी नसते आणि हसण्याचीही नसते, हे मला सुचलं होतं, पण ते मी बाजूला ठेवलं. चूक माझी होती, कागदाची होती, आणि कागद दुरुस्त होतो.

सकाळी मी जुन्या खिडकीवर गेलो. आता तिथे पेन्का बसते, मीच तिला काम शिकवलं. मला बघून तिने रांगेला दहा मिनिटं थांबवलं, कॉफी मागवली आणि गुडघ्यांची चौकशी केली. मी काम सांगितलं.

"मेतोदीकाका, नियम तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलाय," ती म्हणाली. "मोठ्या माणसाने स्वतः यायचं, ओळखपत्र घेऊन. बापाने नाही."

ते बरोबरच होतं. निदान नोंद बघून ठेव, म्हटलं. ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, गोर्ना बुक्वातली शेवटची म्हातारी वसंतात गेली. रहिवासी शून्य.

मी म्हणालो, नेव्हेना आहे ना तिथे, कागदावर.

"शून्यच दिसतंय. कधीकधी एखादा दिवस लागतो याला. तुम्ही घेऊन या तिला, समोर असली की सगळं होतं."

६

आठवी फेरी गुरुवारी दुपारी दोनला होती, आणि पत्रात ती शेवटची असल्याचं लिहिलं होतं. खिडकी पाचला बंद होते. असं ठरलं की मी तिच्यासोबत जायचं, बाहेर थांबायचं, आणि तिथून दोघांनी परस्पर पेन्काकडे जायचं. आधी खिडकी, मग मुलाखत, असं मी तीनदा म्हटलं होतं. मुलाखतीआधी रांगेत उभं राहून ती घामाघूम व्हायला तयार नव्हती.

विमानतळाच्या रस्त्यावरची काचेची इमारत, अकरावा मजला. बसायच्या जागेत तीन तरुण मांडीवर फाईल घेऊन बसले होते. बाहेर कडक ऊन असताना एकाने जाड लोकरी कोट घातला होता. मी बोलायचं म्हणून विचारलं, तुमची कितवी फेरी? तो म्हणाला, चौथी. तिसरी कधी झाली, म्हटलं. त्याने बराच विचार केला आणि सांगितलं की तेव्हा बर्फ पडत होता.

टेबलामागच्या मुलीने मला एक छापील कागद दिला. बहुधा पाहुण्यांचा असेल. नाव, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव. रकाना रिकामा ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही. मी सगळं सुवाच्य अक्षरात भरलं आणि खाली सही केली.

आत बोलावल्यावर नेव्हेना उठली, माझी कॉलर सारखी केली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आज मी त्यांचाच आकडा सांगणार आहे. म्हणजे संपेल एकदाचं."

"नको. दोन म्हण."

"अहो, एका आकड्याने काय होतंय?"

मी तिचा हात धरला होता. तिने तो थोपटला, सोडवून घेतला, आणि दार लागलं.

त्या खोलीची भिंत काचेची होती. मधे रुंद धुरकट पट्टा होता, त्यामुळे बसलेल्यांची तोंडं दिसत नव्हती. पट्ट्याखाली टेबलाच्या पलीकडे चार काळे बूट दिसत होते आणि अलीकडे नेव्हेनाचे तपकिरी बूट. विचार करताना ती डावी टाच हलवते, शाळेपासूनची सवय आहे. टाच हलत होती. शब्द कळत नव्हते, पण तिचा आवाज कळत होता, आणि दर वाक्याच्या सुरुवातीला येणारा तो शब्द. समजा. समजा.

सहा पाय. मी ते मोजले, कारण मी सगळंच मोजतो. चष्म्यावर वाफ धरली होती, मी तो काढून रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला.

चार पाय.

दार उघडलं नव्हतं. मी दारापासून दोन हातांवर होतो. अलीकडची खुर्ची टेबलाखाली व्यवस्थित सरकवलेली होती. आतला आवाज बंद झाला होता, पण तुटल्यासारखा नाही, वाक्य पुरं करून थांबावं तसा.

मी टेबलामागच्या मुलीकडे गेलो आणि म्हणालो, माझी मुलगी आत आहे, तिला बाहेर बोलवा. तिने यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर. तिला घाई नव्हती आणि ती उद्धटही नव्हती. अशा नावाचं कोणी नाही, म्हणाली. मग माझा कागद उचलून बघितला आणि हसली.

"तुमचं मात्र आहे. आत या, ते थांबलेत."

७

मी आत गेलो. तिथे जायला दुसरा रस्ताच नव्हता, आणि नेव्हेना गेली होती ती तिथेच. बाई खरंच सभ्य होत्या. त्यांनी पाणी दिलं. गृहस्थांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं. एक निवृत्त कारकून आहे, विधुर, सोफियात राहणारा. त्याला मुलं किती? घाई करू नका, मनातलं बोलून दाखवा, अचूक उत्तर नको, पटण्याजोगं चालेल.

मी म्हणालो, एक. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, ती किती वजनाची जन्मली ते सांगितलं.

बाई म्हणाल्या, "छान. हे झालं तुमचं पहिलं उत्तर. पुढच्या फेरीला विचार करून या."

त्या दिवशी मी पाचच्या आत खिडकी गाठली. पेन्काने कॉफी मागवली, गुडघ्यांची चौकशी केली आणि काय काम काढलंत म्हणून विचारलं. माझ्या मागे रांग होती. मी म्हणालो, सहज आलो. किर्चोला मी काही सांगितलं नाही, पण त्याच आठवड्यात त्याने विचारलं की तुम्ही एकटे असून इतक्या मिरच्या कशाला भाजता.

हे सगळं मी लिहून काढलं ते एवढ्यासाठी की आकडे एका जागी असावेत. मुलाखतीला जाण्याआधी मी हे वाचून जातो. दर गुरुवारी बोलावतात, मी जातो. माझ्या आठ फेऱ्या झाल्या, आठही वेळा मी एक म्हणालो. अजून तिच्याविषयी विचारणारं कोणी असेल, तर ते हेच दोघं आहेत, आणि त्यांच्यासमोर ही एकच गोष्ट माझ्या हातात आहे.

मागच्या फेरीला जन्मतारीख सांगायला मला थोडा वेळ लागला. वजनाचं राहूनच गेलं. ते दोघं माझ्याकडे बघत होते आणि मी मोठ्याने विचार करत होतो. समजा लग्न एकतीस वर्षांचं. समजा घर दोन खोल्यांचं. समजा दुसऱ्या खोलीत कोणी झोपत असेल, तर तिथली गादी इतकी नवी कशी? गृहस्थांनी तेव्हा पहिल्यांदाच काहीतरी लिहून घेतलं. शेवटी मी एक म्हणालो, पण ते म्हणायला चार मिनिटं लागली.

काल पत्र आलं. नवव्या फेरीची वेळ दिली आहे. खाली लिहिलंय, तुमची प्रगती उत्तम आहे.